मानेच्या भेदक जखमा : कॅज्युअल्टीत नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी निदानाचा क्रम

मानेत सुरी, काच, गोळी किंवा धातूचा तुकडा घुसलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की सगळ्यांची नजर आधी जखमेच्या तोंडाकडे जाते. पण जखमेच्या तोंडावरून आत काय झाले आहे ते फारसे कळत नाही. एक सेंटिमीटरच्या सुरीच्या जखमेखाली कॅरोटिड धमनी फाटलेली असू शकते आणि कानापासून कानापर्यंत उघडी दिसणारी जखम स्नायूंपाशीच थांबलेली असू शकते. श्वासनलिका, स्वरयंत्र, घसा, अन्ननलिका, मेंदूला रक्त नेणाऱ्या चार धमन्या, मोठ्या शिरा, मज्जारज्जू, मेंदूतून थेट निघणाऱ्या खालच्या अनेक क्रॅनिअल नर्व्ह आणि तळाशी फुप्फुसाचे शेंडे, हे सगळे मानेच्या अगदी थोड्या जागेत एकमेकांना खेटून असते. त्यामुळे इथले निदान हाताने व डोळ्याने क्रमवार केलेल्या तपासणीवर उभे राहते आणि यंत्रांचा वापर त्या तपासणीतून उरलेल्या प्रश्नांसाठी होतो. हा लेख इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात एकट्याने ड्यूटी करणारे वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हे यात सांगितलेले नाही. कोणाला ताबडतोब ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यायचे, कोणाचा सीटी करायचा आणि कोणाला निरीक्षणाखाली ठेवायचे, हे कसे ठरवावे एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे.

जखम खरोखर भेदक आहे का

त्वचेखाली प्लॅटिस्मा नावाच्या स्नायूचा पातळ पापुद्रा असतो. तो फाटला असेल तर जखम भेदक समजायची आणि खालच्या प्रत्येक अवयवावर संशय घ्यायचा. तो शाबूत असेल तर जखम वरवरची आहे. ती स्वच्छ करावी, शिवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे आणि रुग्णाला घरी पाठवावे. हे पाहण्यासाठी चांगल्या उजेडात जखमेच्या कडा हलक्या हाताने थोड्या विलग करणे पुरेसे असते. जखमेत बोट, प्रोब किंवा आर्टरी फोर्सेप घालून खोली मोजू नये, आणि लोकल भूल देऊन कॅज्युअल्टीच्या टेबलावर जखम आतपर्यंत उलगडून पाहण्याचा मोहही टाळावा. फाटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडावर बसलेली रक्ताची गुठळी हाच अनेकदा रुग्णाचा एकमेव आधार असतो. ती कॅज्युअल्टीत निघाली तर होणारा रक्तस्राव थांबवण्याची साधने तिथे हाताशी नसतात.

इथे एक गोष्ट बऱ्याचदा सुटून जाते. प्लॅटिस्मा संपूर्ण मानेवर पसरलेला नसतो. समोरच्या मध्यरेषेत, म्हणजे नेमके स्वरयंत्र व श्वासनलिकेच्या समोर, तो विरळ असतो किंवा नसतोच, आणि मानेच्या मागच्या भागावरही तो नसतो. त्या जागी ‘प्लॅटिस्मा शाबूत’ हा शेरा निरर्थक ठरतो. तिथली जखम, तसेच जिची खोली नजरेने कळत नाही अशी कोणतीही जखम, उलट सिद्ध होईपर्यंत भेदकच मानावी.

पहिली काही मिनिटे

या टप्प्यावर निदान आणि उपचार हातात हात घालून चालतात. सुरुवात रुग्णाशी बोलण्यापासून करावी. त्याला नाव विचारावे. स्वच्छ आवाजात पूर्ण वाक्य बोलणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग त्या क्षणी मोकळा आहे, त्याच्या मेंदूला रक्त पोचते आहे आणि त्याचे स्वरतंतू हलत आहेत, एवढे सगळे एका उत्तरातून कळते. आवाज घोगरा असेल, श्वास घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येत असेल, तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत असेल किंवा रुग्ण आडवे व्हायला नकार देत असेल, तर श्वासमार्ग धोक्यात आहे. जो रुग्ण पुढे झुकून बसलेल्या अवस्थेत श्वास घेऊ शकतो त्याला बळजबरीने उताणे झोपवू नये.

मानेत साचलेल्या रक्ताची गाठ वाढत असेल तर श्वासमार्गात ट्यूब लवकर टाकावी (इंट्युबेशन), कारण रक्ताचा दाब श्वासनलिकेला एका बाजूला ढकलतो आणि अर्ध्या तासापूर्वी सोपे असलेले इंट्युबेशन अशक्य होऊन बसते. हे काम हजर असलेल्यांपैकी सर्वांत अनुभवी व्यक्तीने, बहुधा भूलतज्ज्ञाने, करावे. त्याच वेळी दुसऱ्या डॉक्टरने समोरची मान निर्जंतुक करून, स्वरयंत्राच्या पुढच्या क्रिकोथायरॉइड पडद्याची जागा पेनने आखून, ब्लेड हाती घेऊन तयार उभे राहावे. श्वासनलिकाच कापली जाऊन जखमेत उघडी दिसत असेल तर ट्यूब थेट तिथून आत घालता येते. मात्र पूर्ण तुटलेल्या श्वासनलिकेचे खालचे टोक छातीत सरकू शकते, म्हणून ते आधी पकडून ठेवावे. अशा रुग्णाला मास्क व बॅगने जोरजोरात हवा देऊ नये, कारण ती हवा फाटलेल्या जागेतून ऊतींमध्ये शिरते आणि उरलासुरला श्वासमार्गही दाबून टाकते.

मानेच्या तळाशी जखम असेल तर छाती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फुप्फुसांचे शेंडे कॉलरबोनच्या वर मानेत डोकावतात, त्यामुळे तिथली जखम न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा) किंवा हिमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती रक्त) घेऊन येऊ शकते. दोन्ही बाजूंचा श्वास स्टेथोस्कोपने ऐकावा, सोनोग्राफीची सोय असेल तर ई-फास्ट (छाती व पोटाची झटपट सोनोग्राफी) करावे, आणि रुग्ण स्थिर असल्यास कॅज्युअल्टीतच छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

रक्तस्राव बोटाने थांबवावा. गॉजचा मोठा गठ्ठा ठेवून वरून पट्टी गुंडाळली की दाब पसरतो, खालून रक्त वाहत राहते आणि ते कोणाला दिसत नाही. हातमोजा घातलेली दोन बोटे नेमक्या रक्त येणाऱ्या जागी दाबून धरणे हा उपाय साधा वाटतो, पण त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही, आणि ती बोटे धरणारा माणूस ओटीच्या टेबलापर्यंत सोबत जातो. जखम अरुंद व खोल असेल आणि बोटाने भागत नसेल तर १८ किंवा २० नंबरचा फोलीज कॅथेटर (लघवीसाठी वापरतात ती टोकाला फुगा असलेली नळी) जखमेच्या मार्गाने हलकेच आत सरकवून, फुगा १० ते १५ मिलिलीटर पाण्याने रक्त थांबेपर्यंत फुगवावा, कॅथेटरचे तोंड क्लॅम्प करावे आणि कडेची त्वचा त्याच्याभोवती शिवून घ्यावी. दक्षिण आफ्रिकेतील ट्रॉमा केंद्रांमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेली आहे आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातही त्यासाठी लागणारे सर्व सामान असते. रक्ताच्या डबक्यात आर्टरी फोर्सेप आंधळेपणाने लावू नये, कारण त्यात व्हेगस नर्व्ह किंवा शाबूत धमनी चिरडली जाते.

मोठी शीर फाटली असेल तर श्वासासरशी हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो. जखम ताबडतोब झाकावी, आणि श्वासाची अडचण नसेल तर डोक्याकडची बाजू खाली करावी. सलाइनची सुई जखमेच्या विरुद्ध बाजूच्या हाताला लावावी, कारण कॉलरबोनखालची सबक्लेव्हियन शीर फाटलेली असल्यास त्याच बाजूने दिलेले द्रव छातीत किंवा मानेत गळून जाते. रक्तस्राव ताब्यात येईपर्यंत वरचा रक्तदाब ८० ते ९० च्या आसपास राहिला आणि रुग्ण शुद्धीवर असला तर तेवढे पुरे. डोक्याला मार असेल किंवा मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण दिसत असेल तर मात्र दाब कमी ठेवणे चालत नाही. दुखापतीला तीन तास झालेले नसतील आणि रक्त बरेच गेले असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत द्यावे.

दोन गोष्टी सवयीने केल्या जातात, त्या इथे थांबवायच्या आहेत. पहिली म्हणजे मान स्थिर ठेवणारी कॉलर. सुरीच्या जखमेत मणका अस्थिर होणे अतिशय दुर्मीळ आहे, आणि कॉलरमुळे वाढती गाठ, सरकलेली श्वासनलिका व वाहते रक्त हे सगळे झाकले जाते. हातापायांतली ताकद गेली असेल, रुग्ण बेशुद्ध असेल किंवा सोबत वाहनाचा जबर अपघात असेल तरच मणक्याचा विचार करून मान स्थिर धरावी, आणि तेव्हाही कॉलर उघडून मान पुन्हा पुन्हा पाहावी. दुसरी म्हणजे नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब. शुद्धीवरच्या रुग्णाला ती घालताना उबळ व खोकला येतो, आणि त्या झटक्याने गुठळी निसटू शकते. ट्यूब हवीच असेल तर ती भूल दिल्यानंतर घालावी.

घुसलेले हत्यार अजून मानेत असेल तर त्याला हात लावू नये. दोन्ही बाजूंनी गॉजचे रोल लावून ते स्थिर करावे. ते फक्त ओटीत, रक्तवाहिनी ताब्यात घेतल्यानंतर काढले जाते.

ज्यांच्यासाठी सीटीची वाट पाहायची नाही

आता निदानाचा पहिला मोठा फाटा येतो. काही लक्षणे अशी आहेत की ती दिसल्यावर महत्त्वाच्या अवयवाची दुखापत जवळपास ठरलेलीच असते आणि रुग्णाची जागा ओटीत असते. जखमेतून उसळी मारत येणारे रक्त, डोळ्यांदेखत वाढणारी किंवा ठोका देणारी गाठ, रक्त व सलाइन देऊनही न सावरणारा शॉक, जखमेवर हाताला जाणवणारी थरथर किंवा स्टेथोस्कोपने ऐकू येणारा ब्रुई (रक्तप्रवाहाचा फुत्कारासारखा आवाज), त्या बाजूच्या मनगटाची नाडी न लागणे, जखमेतून श्वासाबरोबर हवेचे बुडबुडे येणे, भरपूर रक्ताची उलटी किंवा खोकल्यातून भरपूर रक्त पडणे, श्वासमार्ग बंद होत असल्याची चिन्हे, आणि मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटल्याने आलेला अर्धांगवायू, या सर्वांना वॉर्डात ‘हार्ड साइन’ म्हणतात. यांपैकी एक जरी दिसले तरी सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी आणि ब्लड बँक यांना एकाच वेळी फोन जायला हवेत. रुग्ण अस्थिर असताना सीटीच्या खोलीत नेण्याचा निर्णय इंटर्नने कधीही घेऊ नये. हार्ड साइन असूनही रक्तदाब टिकून असलेल्या निवडक रुग्णांत, विशेषतः मानेच्या अगदी तळाच्या किंवा कवटीलगतच्या जखमेत, सर्जन आधी सीटी अँजिओ (कॉन्ट्रास्ट देऊन रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) मागू शकतात, कारण तिथे चीर कुठून घ्यायची हेच त्यावर ठरते. तो निर्णय त्यांचा असतो.

ही लक्षणे पाहायची तर मान पूर्ण उघडी हवी. शर्ट काढावा, साखळी काढावी, दाढीखाली, केसांत, काखेत आणि पाठीवरही पाहावे. सुरीच्या हल्ल्यात जखमा अनेक असतात आणि सर्वांत धोक्याची जखम पाठीमागे असू शकते. नाडी दोन्ही मनगटांवर आणि दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल धमनीवर बघावी. मानेवरून बोटे फिरवताना त्वचेखाली चुरचुर जाणवते का ते पाहावे, कारण त्वचेखालची ती हवा श्वासनलिका, स्वरयंत्र किंवा अन्ननलिका फाटल्याचे सांगत असते. तोंड उघडून टॉर्चने घसा पाहायला विसरू नये. जबड्याच्या कोनाजवळच्या जखमेत घशाच्या भिंतीवरचा फुगवटा हा धमनीतून झिरपलेल्या रक्ताचा असू शकतो.

मानेचे विभाग आणि त्यांचे खरे काम

पुस्तकात मानेचे तीन विभाग वाचलेले असतात. पहिला विभाग कॉलरबोनच्या पातळीपासून क्रिकॉइडपर्यंत (स्वरयंत्राच्या तळाची कूर्चेची कडी), दुसरा क्रिकॉइडपासून जबड्याच्या कोनापर्यंत, आणि तिसरा तिथून कवटीच्या तळापर्यंत. ही मांडणी १९६९ मध्ये प्रथम आली आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या सर्जनांनी शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्यांची मान लगेच उघडून पाहिली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ६ टक्के होते, आणि ज्यांच्यात उशीर झाला त्यांच्यात ३५ टक्के. त्यानंतर प्लॅटिस्मा फाटलेली प्रत्येक जखम शस्त्रक्रियेने उघडून पाहावी असा दंडक पडला. त्याने अनेक जीव वाचले. मात्र उघडलेल्या मानांपैकी बऱ्याच मोठ्या हिश्श्यात आत काहीच सापडत नव्हते. पुढे दुसऱ्या विभागात शस्त्रक्रिया आणि पहिल्या व तिसऱ्या विभागांत अँजिओग्राफी, अशी विभागवार वाटणी झाली. कारण सरळ होते. मधल्या भागात चीर घेऊन धमनी पकडणे सोपे आहे, तर तळाशी छाती उघडावी लागते आणि वर जबडा व कवटी आड येतात.

आज बहुतेक ट्रॉमा केंद्रांत निर्णय विभागावरून घेत नाहीत, लक्षणांवरून घेतात. ही दिशा मला पूर्णपणे पटते. त्वचेवरची जखम दुसऱ्या विभागात असली तरी सुरीचे टोक छातीत उतरलेले असू शकते, आणि गोळी तर मध्यरेषा ओलांडून पलीकडे जाते. विभागाची नोंद जरूर करावी, कारण सर्जनला फोनवर ‘डावीकडे, स्टर्नोमास्टॉइडच्या पुढच्या कडेला, क्रिकॉइडच्या वर दोन बोटे’ असे सांगितले की त्याला चीर डोळ्यांसमोर दिसते. रुग्णाचे काय करायचे हा प्रश्न मात्र त्या नोंदीने सुटत नाही.

सीटी अँजिओ कोणाचा आणि त्यात काय पाहायचे

हार्ड साइन नाहीत, पण आवाज किंचित बदलला आहे, गिळताना दुखते, थुंकीत रक्ताची रेघ आहे, गाठ आहे पण वाढत नाही, त्वचेखाली थोडी हवा आहे, घटनास्थळी बरेच रक्त गेल्याचे नातेवाईक सांगतात, किंवा सुरुवातीला घसरलेला दाब थोड्या सलाइनने सावरला आहे, अशा रुग्णाला सीटी अँजिओची गरज असते. पहिल्या आणि तिसऱ्या विभागातील जखमेत लक्षण नसले तरी तो करावा, कारण तिथे हाताने तपासण्यासारखे फार थोडे असते.

या तपासणीने चित्र खरोखर बदलले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या ४५३ रुग्णांच्या अभ्यासात तिची संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ९७.५ टक्के आढळली. म्हणजे महत्त्वाची दुखापत तिच्या नजरेतून निसटली नाही आणि विनाकारण भीतीही फारशी घातली गेली नाही. फॉर्मवर नुसते ‘मानेचा सीटी’ असे लिहू नये. जखमेची बाजू व जागा, हत्यार, आणि महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत चित्रे हवीत, हे लिहावे. कॉन्ट्रास्टची सुई जखमेच्या विरुद्ध हाताला असावी, नाहीतर त्याच बाजूच्या शिरेतील दाट कॉन्ट्रास्टच्या रेषा नेमक्या हव्या त्या जागेवर पडतात.

रेडिओलॉजिस्टबरोबर बसून चित्रे पाहणे हे नव्या डॉक्टरचे सर्वांत मोठे शिक्षण आहे. आधी जखमेचा मार्ग शोधावा. त्वचेपासून सुरू होऊन हवेचे ठिपके, रक्त आणि चरबीतली धूसरता यांच्या आधाराने तो आत कुठपर्यंत जातो ते पाहावे. मार्ग महत्त्वाच्या अवयवांपासून स्पष्टपणे दूर जात असेल तर बहुतेक वेळा पुढच्या तपासण्यांची गरज उरत नाही. मार्ग एखाद्या अवयवाला चिकटून जात असेल तर तो अवयव निर्दोष ठरेपर्यंत सोडायचा नाही. धमनीबाहेर सांडलेला कॉन्ट्रास्ट, खोटा धमनीफुगा, आतल्या अस्तराचा उचललेला पापुद्रा, अचानक बंद झालेली वाहिनी किंवा धमनी भरताच शीर उजळणे, या खुणा शोधाव्यात. मणक्याच्या छिद्रांतून जाणारी व्हर्टिब्रल धमनी मुद्दाम पाहावी. तिची दुखापत बाहेरून जवळजवळ काहीच दाखवत नाही. छर्रे किंवा धातूचे तुकडे असतील तर त्यांच्या चकाकीने चित्र बिघडते, आणि तेव्हा कॅथेटर अँजिओग्राफीचा आधार घ्यावा लागतो.

अन्ननलिका

या लेखात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते अन्ननलिकेबद्दल. धमनीची दुखापत स्वतःच ओरडून सांगते. अन्ननलिका पहिले काही तास गप्प राहते, आणि ती बोलू लागते तेव्हा लाळ व जंतू मेडिआस्टिनमपर्यंत (छातीत दोन फुप्फुसांमधल्या जागेपर्यंत) उतरलेले असतात. २४ तासांच्या आत दुरुस्ती झाली तर रुग्ण बहुधा सावरतो, आणि उशीर जितका वाढेल तितका मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून संशय आला की तो त्याच दिवशी मिटवला पाहिजे.

गिळताना दुखणे, गिळता न येणे, लाळेत रक्त, त्वचेखालची हवा, आणि फारसे रक्त न जाताही वाढत राहिलेली नाडी, या खुणा आहेत. त्या नसल्या तरी अन्ननलिका निर्दोष ठरत नाही. मानेच्या बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत मणक्यांच्या पुढच्या जागेत हवेची उभी काळी रेघ दिसली तर ती मोठी सूचना समजावी. सीटीत अन्ननलिकेभोवती हवा असेल किंवा जखमेचा मार्ग तिच्याजवळून जात असेल, तर तेवढ्यावर थांबू नये.

पुढची तपासणी दोन भागांची असते. शुद्धीवर असलेल्या, सहकार्य करणाऱ्या रुग्णाला कॉन्ट्रास्ट पाजून एक्स-रे पडद्यावर गळती पाहायची. सुरुवात पाण्यात विरघळणाऱ्या कॉन्ट्रास्टने करावी, कारण बेरियम मेडिआस्टिनममध्ये सांडल्यास तिथे दाह होतो. त्यात गळती दिसली नाही तर पातळ बेरियमने पुन्हा पाहावे, कारण लहान छिद्र बेरियमलाच सापडते. रुग्णाला ठसका लागण्याची शक्यता असेल तर गॅस्ट्रोग्राफिनसारखा तीव्र कॉन्ट्रास्ट फुप्फुसात जाऊन पाणी भरते, म्हणून अशा वेळी कमी तीव्रतेचा नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट मागावा. दुसरा भाग म्हणजे लवचीक एंडोस्कोपी. ट्यूब टाकलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णात तोच मार्ग उरतो. यांपैकी एकट्या तपासणीतून छिद्र निसटू शकते, पण दोन्ही निर्दोष आल्या तर दुखापत राहून जाणे फार विरळ. तोपर्यंत रुग्णाला तोंडाने पाण्याचा घोटही द्यायचा नाही, हे सिस्टरना आणि नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. ‘घसा कोरडा पडलाय, थोडे पाणी द्या’ ही विनंती हमखास येते आणि ती प्रेमापोटी पाळलीही जाते.

स्वरयंत्रासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून लवचीक लॅरिंगोस्कोपी करून घ्यावी. स्वरतंतू हलतात का, आत रक्ताचा फुगा आहे का, कूर्चा उघडी पडली आहे का, हे त्यात थेट दिसते. श्वासनलिकेच्या संशयात ब्रॉन्कोस्कोपी लागते.

भूल देण्याआधीची नर्व्हची तपासणी

ही तपासणी दोन-तीन मिनिटांची असते, पण ट्यूब पडल्यानंतर ती करता येत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर कमजोरी दिसली तर ती जखमेने आली की सर्जनच्या चाकूने, हे कोणालाच सांगता येत नाही. दात दाखवायला सांगून ओठाचा कोपरा पाहावा, जीभ बाहेर काढायला लावावी, खांदे उचलायला सांगावे, आवाज ऐकावा, हाताची बोटे पसरायला व मूठ आवळायला लावावी. जीभ ज्या बाजूला वळते ती बाजू दुखावलेली असते. एका डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली लहान असेल तर हॉर्नर सिंड्रोम समजावा. पापणी व बाहुलीकडे जाणाऱ्या त्या नर्व्ह कॅरोटिडच्या मागे लागूनच असतात, म्हणून ती खूण धमनीवरचा संशय वाढवते.

कमजोरी कुठे आहे यावरून जागा कळते. जखमेच्या विरुद्ध बाजूचा चेहरा, हात व पाय लुळे असतील तर कॅरोटिडचा विचार करावा. जखमेच्याच बाजूचा हात-पाय लुळा आणि विरुद्ध बाजूची वेदना व उष्णतेची जाणीव गेलेली असेल तर मज्जारज्जूचा अर्धा भाग कापला गेला आहे. फक्त एकच हात लुळा असेल तर ब्रॅकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचे जाळे. सगळे लिहून ठेवावे आणि वेळ टाकावी.

लक्षणे नसलेला रुग्ण

प्लॅटिस्मा फाटला आहे, पण काळजीपूर्वक तपासणीत एकही लक्षण नाही, असे रुग्ण बरेच असतात. मधल्या विभागातील अशा जखमेला लगेच सीटी लागेलच असे नाही, पण घरी पाठवणे मात्र चूक आहे. त्याला २४ तास निरीक्षणाखाली ठेवावे, आणि मान, आवाज, गिळणे, नाडी, नर्व्ह ही सगळी तपासणी पहिल्या काही तासांत दर तासाला व नंतर दर सहा तासांना, शक्यतो त्याच डॉक्टरने करावी. ड्यूटी बदलताना नव्या डॉक्टरने रुग्णाची मान पाहिल्याशिवाय चार्ज घेऊ नये. गाठीची कड पेनने त्वचेवर आखून ठेवली की ती वाढली की नाही यावर वाद राहत नाही.

आपल्याकडच्या दोन जखमा

संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजाने गळा कापलेले दुचाकीस्वार येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये अशा मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि हंगाम संपल्यावरही झाडांवर व तारांवर लोंबत राहतो. ही जखम आडवी, समोरची आणि अनेकदा दोन्ही बाजूंना पोचणारी असते. म्हणून दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या आणि मधली श्वासनलिका व स्वरयंत्र, सगळेच तपासावे. समोरच्या मध्यरेषेत प्लॅटिस्माचा भरवसा नसतो हे वर सांगितले, ते इथे नेमके लागू पडते. रुग्ण गाडीवरून पडलेला असल्याने डोके, मणका व पोटही विसरू नये.

दुसरी जखम फॅब्रिकेशनच्या शेडमधली. ग्राइंडरच्या चकतीचा किंवा हातोड्याखालच्या लोखंडाचा तुकडा वेगाने उडून मानेत शिरतो. बाहेर टाचणीएवढे छिद्र असते, रुग्ण स्वतः चालत येतो आणि ‘जरासे लागले आहे’ म्हणतो. साध्या एक्स-रेत तो तुकडा दिसतो आणि कित्येकदा छिद्रापासून बराच दूर दिसतो. अशा रुग्णाचा सीटी अँजिओ टाळू नये.

नोंद आणि रवानगी

या जवळपास सगळ्या केसेस एमएलसी (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केस) असतात, पण जीव वाचवणे आधी आणि कागद नंतर. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मधील परमानंद कटारा खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे, त्यामुळे पोलीस येईपर्यंत थांबण्याचे काहीही कारण नाही. जखम शिवण्याआधी तिची लांबी, दिशा, कडा आणि शेजारच्या समांतर वरवरच्या चिरा, तसेच हातांवरच्या बचावाच्या जखमा लिहून ठेवाव्यात. कपडे कापताना सुरीने पडलेल्या भोकातून कात्री नेऊ नये. जखम स्वतःच केलेली असेल तर रुग्णाला क्षणभरही एकटे सोडू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरतो. तिच्याशी त्याच भावनेने बोलावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच मुक्कामात बोलवावे.

जिथे सर्जन किंवा सीटी नाही तिथे रवानगीचा निर्णय लवकर घ्यावा. निघण्याआधी श्वासमार्गाचा प्रश्न निकाली लावावा, कारण धावत्या १०८ रुग्णवाहिकेत वाढत्या गाठीच्या रुग्णाला ट्यूब टाकणे अत्यंत कठीण असते. रेफरलच्या चिठ्ठीत जखमेची वेळ, हत्यार, बाजू व विभाग, हार्ड साइन आहेत की नाहीत, आवाज कसा आहे, नर्व्हची तपासणी, दिलेले द्रव व औषधे, आणि फोलीज घातला असल्यास फुग्यात किती पाणी आहे, एवढे असावे. पुढच्या रुग्णालयातील सर्जनशी स्वतः फोनवर बोलावे, आणि जखमेवर बोट ठेवावे लागत असेल तर ते ठेवणारा डॉक्टर किंवा सिस्टर रुग्णवाहिकेत सोबत पाठवावी.